काहून विचारणारे नाईक

आमच्या शाळेच्या शिपायांना, म्हणजे नाईकांना, कोणतेही काम सांगितले की ते आधी विचारत, "काहून जी?" सांगणारा हेडमास्तर असो, मुलाला शाळेत घालायला आलेला पाटील असो की वर्गातले एखादे पोर असो, प्रश्न तोच आणि आवाजही तोच. काहून म्हणजे का; पुण्याच्या कानाला हा शब्द उर्मट लागतो. वऱ्हाडात मात्र तो घराघरातला साधा शब्द आहे. लेक बापाला विचारते, सून सासूला विचारते, त्यात कोणी कोणाचा अपमान करत नाही. मला हे उमजायला सहा महिने लागले. आमच्या हेडमास्तरांना ते शेवटपर्यंत उमजले नाही, कारण समजून घ्यावे असे त्यांना कधी वाटलेच नाही. त्या गृहस्थांविषयी लिहायला बसलो की इतक्या वर्षांनीही माझे डोके तापते. म्हणून आधी नाईकांविषयी लिहितो.

मी पुण्याहून अकोल्याला तिसरा मास्तर म्हणून आलो ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता आणि सगळ्या जगाची नजर आमच्या काळ्या मातीकडे लागली होती. गावात पाऊल ठेवायला जागा नव्हती. रस्त्यारस्त्याने गाड्या, गाड्यांवर बोंदऱ्यांत, म्हणजे मोठ्या पोत्यांत, कोंबलेला कापूस, आणि त्याची तुसे अंगरख्यापासून भातापर्यंत सगळीकडे. माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी मी नाईकांना फर्मावले, "ए, हे टेबल उचल आणि त्या खिडकीशी ठेव." त्यांनी विचारले, "काहून जी?" मी वीस-बावीस वर्षांचा, अंगात नवी नोकरी. म्हणालो, "तुला काय करायचंय? सांगितलं तेवढं कर." त्यांनी मुकाट्याने टेबल हलवले. दुपारी तीनला त्या खिडकीतून असे ऊन आत आले की माझी पगडी भिजून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो टेबल जुन्या जागी. नाईकांनी ते माझ्या आधी येऊन हलवले होते. मला त्यांचा रागच आला, हे मुद्दाम सांगून ठेवतो. कारण पुढे मी हेडमास्तरांना जे काही बोलणार आहे, त्यातला थोडा वाटा माझाही आहे.

त्यांचे नाव राघोजी. पातूरच्या बाजूच्या एका खेड्यातले कुणबी. घरची जमीन धाकटा भाऊ पाहत असे. तरुणपणी गाडीचे चाक डाव्या पावलावरून गेले होते, तेव्हापासून नांगरामागे चालणे त्यांना जमेना, म्हणून ते शहरात आले. वय पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या, बोलणे मोजके. शाळेत खरे तर दोन शिपाई होते. दुसरा तेजीच्या पहिल्याच हंगामात कापसाच्या आवारात कामाला गेला, कारण तिथे हमालालाही आमच्या शाळेच्या शिपायापेक्षा जास्त मिळत होते. तेव्हापासून दोघांचे काम नाईक एकटे करत. एकदा मी विचारले, "नाईक, तुम्ही का जात नाही?" ते म्हणाले, "आवारात मले कोणीबी हाकलते, मास्तर. अन् इथं म्या तास वाजवल्याबिगर कोणी पुस्तक उघडत नाही." आमच्या ओसरीत टांगलेल्या पितळी तासाविषयी ते बोलत होते. त्यांचा एक टोला पडला की शंभर पोरे आणि तीन मास्तर जागेवर बसत. हे सांगताना ते हसले नाहीत. त्यांना ती खरोखरच मोठ्या जबाबदारीची गोष्ट वाटत होती, आणि ती होतीही.

एका मास्तराचे दुसऱ्याला सांगायचे नाही, हा त्यांचा नेम होता. शाळेसारख्या ठिकाणी शिपायाला सगळे दिसते. कोण उशिरा येतो, कोण वर्गात डुलक्या घेतो, कोण कोणाविषयी कागद पाठवतो. मी एकदा लाडीगोडीने विचारून पाहिले, की हेडमास्तर माझ्याविषयी काय म्हणतात. नाईक शाई ढवळत होते. मान वर न करता म्हणाले, "मोठ्या मास्तरायचं मोठ्या मास्तरायपाशी. उद्या त्यायनं तुमचं विचारलं तं काय सांगू म्या?" मला लाज वाटली. आम्ही तिघे मास्तर एकमेकांविषयी जे बोलत होतो, ते ह्या माणसाने ऐकून पोटात ठेवले होते, आणि आम्ही मात्र त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलताना कधी आवाज खाली केला नव्हता.

आता हेडमास्तरांविषयी. विद्वान होते, यात शंका नाही. व्याकरण तोंडपाठ, अक्षर मोत्यांसारखे, इंग्रजी असे की साहेबाने थांबून ऐकावे. पण शिपायाला हाक मारायची ती "अरे ए" अशी. कपाटाच्या किल्ल्या हातात न देता जमिनीवर टाकायच्या. नाईकांनी वाकून उचलल्या की पुढचे काम सांगायचे, वाकायच्या आधी कधीच नाही. मी हे इतक्यांदा पाहिले की त्यात चूक कुठली राहणार? त्या माणसाला ते वाकणे पाहायचेच असे. शाळा सुटल्यावर त्यांच्या घरची भाजी, त्यांच्या घरचे जळण, त्यांच्या पाहुण्यांचे गाठोडे, हे सगळे नाईकांच्या खांद्यावर. आणि कडी म्हणजे शिपायाने मास्तरांच्या देखत बसायचे नाही. दहा ते पाच, त्या दुखऱ्या पायावर, ओसरीच्या खांबाला पाठ लावून नाईक उभे. एकदा मीच म्हणालो, "साहेब, त्यांना तिथे एखादे बाकडे ठेवले तर?" हेडमास्तर दुसऱ्या मास्तरांकडे पाहून हसले. "ऐकलंत का? आमच्या तिसऱ्या मास्तरांनी शिपायाला अहोजाहो सुरू केलंय. उद्या त्याला माझ्या खुर्चीत बसवतील." दुसरे मास्तरही हसले. मी हजेरीचे पुस्तक उघडले. नाईक दारातच उभे होते.

गंमत अशी की ह्याच गृहस्थांनी मुलांसाठी नीतीचे पुस्तक लिहिले होते. त्यात दया, विनय, सत्य, सेवकांशी वर्तन, असे एकेक पाठ. स्वतःच्या खर्चाने ते मुंबईत छापून घेतले होते आणि शाळाखात्याच्या साहेबाने ते सगळ्या वऱ्हाडातल्या शाळांना लावावे म्हणून त्यांची खटपट चालली होती. साहेब पाहणीला येणार त्याच्या आठवडाभर आधी पुस्तकांच्या सहा पेट्या बैलगाडीतून शाळेत येऊन पडल्या. भरलेल्या, लोखंडी पट्ट्या मारलेल्या. एक पेटी उचलायला दोन गडी लागत. पाहणी दोन दिवसांवर आली तेव्हा, आपला खासगी माल सरकारी ओसरीत साहेबाला दिसू नये म्हणून, हेडमास्तरांनी नाईकांना बोलावले. मी शेजारच्या वर्गात फळा पुसत होतो, मधले दार उघडे होते.

"अरे ए, ह्या पेट्या माळ्यावर चढव. आजच."

"काहून जी?" नाईकांनी विचारले.

हेडमास्तरांचा आवाज चढला. "काहून म्हणजे? मला विचारतोस? तोंड वर करून?"

"तसं नाही जी. माळ्याच्या तुळईले उदई लागली हाय. मागच्या सालीच सांगितलं होतं म्या. ह्या पेट्या तिले झेपनार नाही. खालीच कोपऱ्यात ठेवतो, वरून सतरंजी टाकतो. दिसनार नाही कोनाले."

"तू सुतार आहेस?"

"नाही जी."

"मग सांगितलं ते कर. जमत नसेल तर कापसाच्या आवारात जा. तिथे तुझ्यासारखे पुष्कळ लागतात."

नाईक म्हणाले ते अगदी खरे होते. तुळई वाळवीने पोखरली होती, हे मीही पाहिले होते. दुरुस्तीचा कागद वर्षापूर्वी मंजूर होऊन आला होता, पण गावातले सगळे सुतार कापसाच्या गाड्या बनवण्यात गुंतले होते, आणि हेडमास्तरांनी दुसऱ्यांदा कोणाकडे माणूस धाडला नव्हता. मी हातातले फडके खाली ठेवून त्या दारातून आत जायला हवे होते. "ते म्हणतात ते खरे आहे," एवढे एक वाक्य. मी फळा पुसत राहिलो.

नाईकांनी आधी माळ्याखालच्या वर्गातली मुले अंगणात काढली. दुसऱ्या मास्तरांनी कुरकुर केली, तेव्हा म्हणाले, "धूळ पडन, पोरायच्या डोळ्यात जाइन." बाजारातून दोन हमाल आणले. चार पेट्या वर गेल्या. पाचवी वर घ्यायला नाईक स्वतः माळ्यावर उभे होते आणि हमाल खालून शिडीवर ती ढकलत होते. तेवढ्यात काड्कन आवाज झाला आणि अर्धा माळा खाली आला. हमाल बाजूला उडी मारून वाचले. नाईक पेट्यांबरोबर आले, आणि एक पेटी त्यांच्या चांगल्या पायावर पडली. आम्ही धावलो तेव्हा धुळीत काही दिसत नव्हते. पेटी फुटली होती आणि नीतीची कोरी पुस्तके चहूकडे विखुरली होती. नाईकांनी पहिला प्रश्न विचारला तो, "पोरं बाहेरच हायेत ना?"

हेडमास्तर आले, त्यांनी पाहिले, आणि दुसऱ्या मास्तरांना म्हणाले, "पुस्तकं गोळा करा. साहेब परवा येताहेत."

नाईकांना आम्ही खाटेवर घालून त्यांच्या घरी नेले. हाड बसवणारा आला, त्याने पाय बांधला, पण गुडघ्याखाली चुरा झाला होता. संध्याकाळी शाळेत परत आलो तो हेडमास्तरांचा कागद तयार होता. शिपाई राघोजी याने मना केले असता, सामान परस्पर माळ्यावर चढवून सरकारी इमारतीचे नुकसान केले, सबब त्यास कामावरून दूर करावे. खाली त्यांची सही, दुसऱ्या मास्तरांची सही, आणि तिसऱ्यासाठी मोकळी जागा.

"मना केले असता?" मी म्हणालो. "साहेब, मी ऐकलंय."

"तुम्ही फळा पुसत होतात," हेडमास्तर म्हणाले. अगदी शांतपणे. "तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही. माझ्या शेऱ्यावर होईल. घरी कोण कोण आहेत तुमच्या?"

घरी आई होती, बायको होती, दोन धाकटे भाऊ मी धाडलेल्या पैशांवर शिकत होते असे मी स्वतःला सांगितले, आणि सही केली. माणूस आपल्या भित्रेपणाला किती माणसांच्या पोटाचे नाव देतो. मला आजही त्या टाकाचा कुरकुर आवाज आठवतो आणि किळस येते.

तीन दिवस मी नाईकांच्या घराकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी गेलो. मातीचे घर, पुढे छपरी, छपरीत खाट. त्यांची बायको गिरजाबाई उशाशी बसून वारा घालत होती. कामावरून काढल्याचा कागद त्या दिवशी सकाळीच पोचला होता आणि शेजारच्या वाण्याने तो वाचून दाखवला होता, सह्यांसकट.

"तुमची बी सही हाय म्हनते," नाईक म्हणाले.

"आहे."

"काहून केली जी?"

अडीच वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न शंभर वेळा विचारला असेल. मी म्हणालो, "भ्यालो." गिरजाबाईंनी पंखा थांबवला. मी माफी मागायला तोंड उघडले तेव्हा नाईकांनी हात वर केला. "बसायचं असन तं बसा, मास्तर. पन माफी मागू नका. तुमी मागान, मंग मले द्या लागन, अन् मले आज द्यायची नाही."

इतके स्वच्छ बोलणे मी कोणत्याही विद्वानाच्या तोंडून ऐकलेले नाही. मी बसलो. तासाभराने उठलो तो तडक साहेबाच्या मुक्कामावर गेलो. गावाबाहेर आंबराईत त्याचा तंबू होता. साहेब उंच, तापट, उन्हाने लाल झालेला. मी उभ्याउभ्या सगळे सांगितले. पेट्या कोणाच्या होत्या, हुकूम कोणी दिला, तुळईचे कोणी सांगितले, आणि मी सही केली तो कागद खोटा आहे. साहेबाने विचारले, "हे त्याच दिवशी का सांगितलं नाही?" त्यालाही तेच उत्तर दिले. त्याने लिहून घेतले आणि मला जायला सांगितले.

न्याय झाला असे वाचणाऱ्याला वाटेल. काय झाले ते सांगतो. हेडमास्तरांना एक समज देणारा कागद आला, आणि चार महिन्यांनी वरच्या जागेवर त्यांची बदली झाली, कारण तेवढे इंग्रजी येणारा दुसरा माणूस खात्यात नव्हता. त्यांचे पुस्तक शाळांना लागले. पुढे ते मीही शिकवले, मला शिकवावे लागले. माझी रवानगी अमरावतीला खालच्या जागेवर झाली. आणि नाईकांवरचा ठपका पुसला गेला, पण नोकरी परत मिळाली नाही. कागदात लिहिले होते, की सदर इसम उभे राहण्यास असमर्थ असल्याने शिपाईपणास लायक नाही. ज्या माणसाला शाळेतल्या सात वर्षांत कधी बसू दिले नाही, त्याला उभे राहता येत नाही म्हणून काढले. हे वाक्य ज्या कारकुनाने लिहिले त्याला त्यात काही वावगे दिसले नसेल. मला त्या कारकुनाचाही राग आहे.

अमरावतीला जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटलो. ते कुबडीवर उभे राहायला शिकत होते. म्हणाले, "साहेबापाशी गेलते म्हनते. खरं सांगितलं, बरं केलं." कुबडी सावरून म्हणाले, "पन उशिरा सांगितलं." मी हो म्हणालो. ते दोघे त्याच आठवड्यात पातूरकडे भावाच्या घरी गेले.

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव पडला, अमरावतीच्या राजापेठेत ज्यांनी दोन-दोन मजले चढवले होते त्यांची दारे बंद झाली. मी मात्र अमरावतीच्या शाळेत हळूहळू वर चढलो आणि काही वर्षांनी हेडमास्तर झालो. पहिल्या दिवशी मी मास्तरांना बोलावून सांगितले की ह्या शाळेत शिपायाला नावाने आणि अहोजाहोने बोलवायचे, घरचे काम सांगायचे नाही, वस्तू हातात द्यायची, आणि त्याने कारण विचारले तर कारण सांगायचे. एका तरुण मास्तराने विचारले, "आणि कारण नसेल तर?" मी म्हणालो, "तर ते काम सांगायचं नाही." तो पुढे बाहेर म्हणाला की हेडमास्तर विक्षिप्त आहेत. म्हणू दे. त्याच मास्तराने महिन्याभरात पाणी भरणाऱ्या भिस्त्याच्या अंगावर दौत फेकली, तेव्हा मी त्याला सगळ्या शाळेदेखत भिस्त्याची माफी मागायला लावली. भिस्त्याला आधी विचारले, की तुम्हाला ती हवी आहे का. तो म्हणाला, हवी आहे.

दरसाल दिवाळीच्या सुटीत मी पातूरकडे जात असे. नाईक छपरीत बसून दोर वळत. शाळेचे सगळे विचारत, किती पोरे, पाणी कोण भरते, छप्पर कधी शाकारले. माफीचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि त्यांनी ती दिली असे मी कधी समजलो नाही. आठव्या वर्षी गेलो तेव्हा खाट रिकामी होती. दीड महिन्यापूर्वी तापाने गेले होते. निरोप धाडायला कोणाला अमरावतीचा पत्ता ठाऊक नव्हता.

गिरजाबाई म्हणाल्या, "मास्तर आले तं त्यायले जेवल्याबिगर जाऊ देऊ नको म्हनत होते." मग घाईघाईने म्हणाल्या, "तुमी आमच्या घरचं खात नाही, ठाव हाय मले. शिधा देतो, बाहेर चूल मांडून देतो."

आठ वर्षे मी त्या घरी येत होतो. बाजेवर बसत होतो, अहोजाहो करत होतो, आणि सोबत आणलेले दशम्यांचे पुडके विहिरीवर जाऊन एकटा खात होतो. त्या घरचे पाणीसुद्धा मी कधी घेतले नव्हते. त्या नवराबायकोला ते दरसाल दिसत होते, आणि ते दोघे एका शब्दाने बोलले नव्हते. हेडमास्तरांवर आयुष्यभर दात खाणारा मी.

मी म्हणालो, "चूल नको. तुमच्या हातचं वाढा."

त्यांनी भाकरी वाढली, आंबाडीची भाजी वाढली, आणि मी जेवत होतो तोवर कोणी येते का ते पाहत दाराकडे तोंड करून बसून राहिल्या. अमरावतीला ही बातमी माझ्या आधी पोचली. भटजी आले, नातलग आले, प्रायश्चित्त घ्या म्हणाले, नाहीतर पंगतीला बसता येणार नाही. मी त्यांना विचारले, कशाचे? भटजी म्हणाले, कुणब्याच्या घरी जेवल्याचे. मी घेतले नाही. मुलीच्या लग्नात माझे पान वेगळे मांडले, तेव्हाही घेतले नाही.